वाईट म्हणजे किती?

माझ्या पहिल्या नोंदवहीतली पहिली ओळ अशी आहे : ‘१२ फेऱ्या. शेवटच्या दोन वाईट.’

तिच्या खाली सरांच्या अक्षरात, लाल पेनानं, एवढंच : ‘वाईट म्हणजे किती?’

तेव्हा मी १४ वर्षांची होते आणि ट्रॅकवर येऊन जेमतेम महिना झाला होता. सर म्हणजे आमचे प्रशिक्षक. पळून झालं की घरी जाऊन वहीत लिहायचं आणि दुसऱ्या दिवशी वही त्यांच्या हातात द्यायची, असा नियम होता. त्या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं ते मला कळेना. वाईट म्हणजे वाईट. पाय जड झाले होते, छाती भरून आली होती, पुढची मुलगी वळणावर दिसेनाशी झाली होती. याहून वेगळं काय सांगणार?

सरांनी स्टॉपवॉच माझ्या हातात दिलं. त्या दिवशी मी प्रत्येक फेरीला रेषेवर बटण दाबलं आणि घरी येऊन १२ आकडे एकाखाली एक उतरवले. पहिली फेरी ८२ सेकंद. मग ८८, ८९, ९०, ९१ असं हळूहळू चढत शेवटच्या दोन ९६ आणि ९७. त्या रांगेकडे मी बराच वेळ बघत बसले. शेवटच्या दोन फेऱ्यांना मी उगीच दोष देत होते. बिघडली होती ती पहिली. बाकीच्या सगळ्या फेऱ्या तिचं कर्ज फेडत होत्या. पळताना हे मला कळलंच नव्हतं, कारण पहिली फेरी पळताना फार छान वाटत होतं.

मी विज्ञानाची शिक्षिका कशी झाले असं कोणी विचारलं, की मला ती रांग आठवते. खरं तर तिथून वर्गात पोचायला पुढची ११ वर्षं लागली.

धावण्याची वर्षं थोडक्यात सांगते. माझी शर्यत आधी ५,००० मीटरची होती, म्हणजे साडेबारा फेऱ्या. मग १०,००० मीटर, २५ फेऱ्या. माझी सर्वोत्तम वेळ ३६ मिनिटं १० सेकंद, म्हणजे फेरीला ८६-८७ सेकंद. मोठ्या स्पर्धांत मी पाचवी-सहावी यायचे, लहान स्पर्धांत कधी दुसरी, कधी तिसरी. माझ्याहून खूप वेगवान मुली होत्या. तरी दहा किलोमीटरच्या मधल्या भागात, साधारण नवव्या फेरीपासून सोळाव्यापर्यंत, श्वास आणि पाऊल एकमेकांना सापडायचे : दोन पावलांत श्वास आत, दोन पावलांत बाहेर. त्या सात-आठ फेऱ्यांसारखं सुख मला अजून दुसऱ्या कशात मिळालेलं नाही. त्यांच्यासाठी मी पहाटे उठायचे, त्यांच्यासाठी आठवड्यातून दोनदा हजार-हजार मीटरचे इंटरव्हल काढायचे. वही भरत गेली. एकीच्या सहा झाल्या.

२२व्या वर्षी डाव्या नडगीच्या आतल्या बाजूला दुखायला लागलं.

आधी फक्त पळायला सुरुवात करताना दुखायचं आणि अंग तापलं की जायचं. मग पूर्ण सराव संपेपर्यंत दुखू लागलं. मग रात्री झोपेतही. हाडाच्या एका ठिकाणी बोट ठेवून दाबलं की नेमकं तिथेच कळ यायची, एखाद्या नाण्याएवढ्या जागेत. स्पर्धा सात आठवड्यांवर होती. मी एक्स-रे काढून घेतला, त्यात काही दिसलं नाही, आणि मी त्याचा अर्थ ‘पळायला हरकत नाही’ असा काढला. ताणामुळे हाडाला जाणारा तडा पहिले दोन-तीन आठवडे साध्या एक्स-रेत बहुतेक वेळा दिसतच नाही, हे मला माहीत नव्हतं. ‘काही दिसलं नाही’ आणि ‘काही नाही’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत. आज वर्गात सूक्ष्मदर्शक पहिल्यांदा बाहेर काढते तेव्हा मी ती दोन्ही फळ्यावर लिहिते.

आणखी तीन आठवडे मी पळाले. मग एका सकाळी जिन्यावरून उतरताना पाय टेकवेना.

दुसऱ्या डॉक्टरांनी एमआरआय करायला सांगितला. नडगीचं स्ट्रेस फ्रॅक्चर. या डॉक्टरबाईंनी रिपोर्ट बाजूला ठेवला आणि विचारलं, “पाळी शेवटची कधी आली होती?” मला बोटांवर मोजावं लागलं. सात महिने. इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कोणीही विचारला नव्हता, आणि मीही कोणाला सांगितलं नव्हतं. कपडे बदलण्याच्या खोलीत मुली आपसात बोलायच्या, की पाळी थांबली म्हणजे सराव बरोबर चाललाय. मी ते खरं मानलं होतं. उलट मला त्याचा थोडा अभिमानच वाटायचा.

डॉक्टरबाईंनी कागदावर चित्र काढून समजावलं. हाड दगडासारखं स्थिर नसतं. एका प्रकारच्या पेशी जुनं हाड पोखरून काढत असतात, दुसऱ्या प्रकारच्या पेशी तिथे नवं भरत असतात. पोखरण्याचं काम काही आठवड्यांत उरकतं, भरायला महिने लागतात. रोजच्या धावण्यानं पोखरण्याचा वेग वाढतो, म्हणून मधे विश्रांती हवी. आणि खर्च होते त्या मानानं ऊर्जा पोटात जात नसेल, तर शरीर ज्यावाचून आज निभेल अशी कामं एकेक करून बंद करतं. पाळी थांबते, इस्ट्रोजेन उतरतं, नवं हाड भरणं मंदावतं. हे फक्त माझं नव्हतं. पुढे २०१४ साली आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या तज्ज्ञगटानं या सगळ्या साखळीला एक नावही दिलं, खेळाडूंमधली सापेक्ष ऊर्जा-कमतरता, आणि ती पुरुष खेळाडूंनाही होते हे स्पष्ट सांगितलं. कोणी मुलगी धावत असेल आणि हे वाचत असेल तर तिला मी एवढंच सांगेन : पाळी थांबणं ही सराव चांगला चालल्याची खूण नाही. डॉक्टरांकडे जा, आणि लवकर जा.

मी वही सोबत नेली होती. मला ती दाखवायची होती, की बघा, मी किती नेमानं सराव केलाय. डॉक्टरबाईंनी शेवटची तीस-चाळीस पानं शांतपणे उलटली आणि म्हणाल्या, “यात दुखण्याबद्दल एक अक्षरही नाही.”

नव्हतंच. तीन आठवड्यांचे आकडे होते, ८६, ८७, ८६, ८८, आणि त्यातला एकही आकडा खोटा नव्हता. पण ज्या दिवशी मी लंगडत घरी आले त्या दिवसाच्या पानावरही फक्त वेळा होत्या. लिहिलं तर सर वाचतील आणि स्पर्धेतून नाव काढतील, ही भीती होती. शिवाय लिहिलं नाही तर ते तितकंसं खरं नसेल, असं काहीतरी मनाच्या तळाशी असावं. ज्या वहीनं मला पहिली फेरी दाखवली होती, तिच्यात मी माझा पाय लपवला होता.

त्यानंतर माझ्या वहीत एक रकाना वाढला : ‘अंग काय म्हणतं’. तो आजही आहे.

धावणं आठ आठवडे बंद. पाय आधाराच्या कडक बुटात अडकवलेला. घरी बसून मी चिडचिडी झाले, तेव्हा सरांनी निरोप पाठवला : ट्रॅकवर ये, लहान मुलींच्या वेळा घे आणि त्यांच्या वह्या तपास. गेले. पहिल्या दिवशी एका मुलीच्या वहीत ‘आज मस्त’ असं लिहिलेलं होतं. माझ्या हातात नकळत लाल पेन आलं आणि मी लिहिलं, ‘मस्त म्हणजे किती?’ लिहून झाल्यावर मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही.

तीच मुलगी एका सकाळी म्हणाली, “ताई, परवा उतारावर पळालो ना, आज मांड्या इतक्या दुखतायत की खाली बसवत नाही. असं का होतं?”

मी लगेच सांगितलं, “स्नायूंत लॅक्टिक ॲसिड साचतं. एक-दोन दिवसांत निघून जाईल.”

हे मला सगळ्यांनी सांगितलेलं होतं, मी आठ वर्षं इतरांना सांगत आले होते. विज्ञानाची पदवीही हातात होती, पण ती परीक्षेपुरती. पायाला बूट आणि हाताशी भरपूर वेळ, म्हणून त्या आठवड्यांत मी शरीरक्रियाशास्त्राचं एक जाडजूड पुस्तक आणून वाचत होते. हाडाचा भाग संपवून स्नायूंकडे आले आणि तिथे थबकले. जोरात पळाल्यावर रक्तात वाढलेलं लॅक्टेट, म्हणजे लॅक्टिक ॲसिडचंच शरीरातलं रूप, साधारण तासाभरात पूर्ववत होतं. दुखणं मात्र दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असतं. म्हणजे जे दोन दिवसांपूर्वीच निघून गेलं, ते आज दुखवणार कसं? दुखतं ते स्नायूतंतूंना झालेल्या बारीक इजांमुळे. उतारावर प्रत्येक पावलाला मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच ब्रेक लावत असतो, म्हणून उतार जास्त छळतो. आणि लॅक्टेट हा कचराही नाही. हृदय आणि इतर स्नायू ते इंधन म्हणून वापरतात.

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलीला बाजूला बोलावलं आणि सांगितलं, की मी चुकीचं सांगितलं होतं, खरं असं आहे. तिनं नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, “मग ताई, तेव्हा तुम्ही एवढ्या खात्रीनं कसं सांगितलंत?”

मला वाटतं, मी शिक्षिका व्हायचं त्या प्रश्नावर ठरवलं. त्याचं उत्तर देणं मला जमलं नव्हतं, आणि जिथे असे प्रश्न रोज विचारले जातील अशा जागी आपण असावं, असं फार तीव्रतेनं वाटलं.

वाचता वाचता मला ए. व्ही. हिल भेटले. इंग्लंडचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ, स्वतः धावणारे. १९२०च्या दशकात त्यांनी माणसांना, आणि त्यांत स्वतःलाही, पाठीवर हवेची पिशवी बांधून पळवलं आणि बाहेर सोडलेल्या श्वासातून किती ऑक्सिजन खर्च झाला ते मोजलं. आज प्रत्येक धावपटू ज्या ‘व्हीओटू मॅक्स’बद्दल बोलतो, म्हणजे शरीर मिनिटाला जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं ते माप, त्याचं मूळ या कामात आहे. त्यांना १९२२चं नोबेल जर्मन शास्त्रज्ञ ऑटो मायरहॉफ यांच्यासोबत मिळालं. स्नायू आकुंचन पावतो त्यामागे लॅक्टिक ॲसिडचा हात आहे, असं त्या काळी हिल आणि मायरहॉफ दोघंही मानत होते. १९३०मध्ये डेन्मार्कच्या आयनार लुंड्सगार्ड यांनी बेडकाच्या स्नायूंना असं रसायन दिलं की लॅक्टिक ॲसिड तयारच होऊ नये. स्नायू तरीही आकुंचन पावले. आणि हिल यांनी १९३२ साली लेख लिहून सांगितलं, की स्नायूंच्या अभ्यासात क्रांती झाली आहे, जुनं चित्र आता सोडावं लागेल. नोबेल मिळून दहा वर्षं झालेला माणूस! त्या रात्री मी ते पान दोनदा वाचलं. एका लहान मुलीसमोर ‘मी चुकले’ म्हणताना माझे कान तापले होते, ते आठवत होतं.

हाड भरलं. मी परत पळायला लागले, आणखी दोन हंगाम स्पर्धाही केल्या, पण ३६:१०च्या जवळ पुन्हा गेले नाही. त्याचं दुःख झालं आणि ते बरेच दिवस राहिलं, यापलीकडे त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. शिक्षक-प्रशिक्षणाला प्रवेश घेतला.

तिथला माझा पहिला सरावपाठ होता श्वसनावर. माझा हातखंडा विषय! दहा वर्षं मी श्वासावर जगले होते. पाठाचं टाचण चार पानी काढलं, फुफ्फुसाची रंगीत आकृती तयार केली, वायुकोश, हिमोग्लोबिनच्या एका रेणूवर ऑक्सिजनचे चार रेणू, सगळं. आणि पहिल्या फेरीला जशी सुटायचे तशी सुटले. ३५ मिनिटांचा तास, माझं सगळं २० मिनिटांत बोलून झालं. उरलेली १५ मिनिटं वर्ग माझ्याकडे आणि मी वर्गाकडे बघत होतो. निरीक्षण करणाऱ्या अध्यापिकाबाई मागच्या बाकावर होत्या. त्यांनी टाचणाच्या वहीत शेरा लिहिला : ‘माहिती अचूक. मुलांनी काय केलं?’

ती वही मी सरांच्या लाल अक्षरांच्या वहीशेजारी ठेवली आहे.

पुढच्या पाठाला मी फुफ्फुसाची आकृती नेलीच नाही. मुलांना मनगटावर नाडी शोधायला सांगितली, १५ सेकंद मोजायची आणि चारानं गुणायचं. मग एक मिनिट जागच्या जागी धावायचं, पुन्हा मोजायचं. वर्गात एवढा गोंगाट झाला की शेजारच्या वर्गातून कोणीतरी डोकावून गेलं. फळ्यावर चाळीसजणांचे आकडे आले. एकाची विश्रांतीतली नाडी २८ आली. वर्ग हसला. मी त्याला म्हटलं, पुन्हा मोज, पण आधीचा आकडा पुसू नकोस. दुसऱ्यांदा ७६. पहिल्या वेळी त्याला मोजायला सात ठोकेच सापडले होते, नाडी मधेच बोटाखालून निसटत होती. मग एक मुलगी उठून म्हणाली, की सगळ्यांचे आकडे चारच्या पाढ्यातलेच आहेत, ७३ किंवा ७५ कोणाचाच कसा नाही? मी हे ठरवून आणलेलं नव्हतं. १५ सेकंदांत एक ठोका इकडचा तिकडे झाला की मिनिटाला चारचा फरक पडतो, हे पुढच्या दहा मिनिटांत त्यांनीच एकमेकांना समजावलं. श्वसन त्या दिवशी थोडं मागे पडलं. पण मला वर्ग म्हणजे काय ते त्या दिवशी कळलं.

नोकरी लागल्यावर पहिली दोन वर्षं कठीण गेली. तासांमागून तास, वह्यांचे गठ्ठे, अभ्यासक्रम संपवण्याची घाई. संध्याकाळी पळायला निघायचे तेव्हा १०,००० मीटर नंतरही इतका घसा कोरडा पडला नव्हता असं वाटायचं. लांब पल्ल्यानं मला एक गोष्ट मात्र शिकवली होती, की दमणूक आली म्हणजे वेग थोडा उतरवायचा, थांबायचं नाही. मी आठवड्याला एकच तास मनासारखा घ्यायचा असं ठरवलं. बाकीचे जसे होतील तसे.

त्या मनासारख्या तासांपैकी बरेच मैदानावर झाले. मुलांना मी विचारायचे : शर्यतीत दुसऱ्या लेनमधल्या मुलीला पुढे का उभं करतात? “तिला बाहेरून जावं लागतं म्हणून.” किती बाहेरून? मग दोरी, खुंटी, चुना. एक वर्तुळ काढायचं, मग त्याच्या एक मीटर बाहेरून दुसरं, आणि दोन्ही परिघ टेपनं मोजायचे. फरक सहा मीटरच्या थोडा वर. मग मोठं वर्तुळ घ्यायचं. फरक तेवढाच. आणखी मोठं. तेवढाच! दोन गुणिले पाय (π) गुणिले एक मीटर, ६.२८ मीटर, वर्तुळ केवढंही असो. मुलांचा यावर विश्वास बसत नाही, म्हणून ती पुन्हा पुन्हा मोजतात, आणि मी त्यांना मोजू देते. प्रमाणित ट्रॅकवरही असंच आहे. वळणाच्या आतल्या कडेची त्रिज्या ३६.५ मीटर, पण ४०० मीटर मोजतात ते कडेपासून ३० सेंटिमीटर बाहेरून, कारण कडेवर पाय ठेवून कोणी पळत नाही. मग मी त्यांना माझी एक शर्यत सांगते. गर्दीत अडकू नये म्हणून मी २५ फेऱ्या आतल्या मुलीपेक्षा जवळजवळ मीटरभर बाहेरून पळाले होते. २५ गुणिले ६.२८, १५७ मीटर. माझ्या वेगानं जवळपास ३४ सेकंद. त्या शर्यतीत माझ्यापुढे असलेली मुलगी माझ्याहून ११ सेकंद आधी पोचली होती. गणित फळ्यावर पुरं होतं तेव्हा वर्ग हळहळतो. मला ती हळहळ फार आवडते, कारण तोवर ती माझ्यासाठी नसून त्या १५७ मीटरांसाठी झालेली असते.

एकदा एका मुलीनं विचारलं, की मुलींच्या शर्यती आधी लहान का असायच्या. मी तिला १९२८च्या ॲम्स्टरडॅम ऑलिंपिकचं सांगितलं. महिलांची ८०० मीटर शर्यत तिथे पहिल्यांदा झाली. अंतिम शर्यतीत ९ जणी होत्या आणि ९ जणींनी ती पूर्ण केली. जर्मनीची लीना राडके २ मिनिटं १६.८ सेकंदांत पहिली आली. काही बातम्यांत मात्र बायका कोसळल्या, अर्ध्यातून बाहेर पडल्या असं छापून आलं. एका बातमीत तर धावणाऱ्या ११ होत्या. दमून मैदानावर आडव्या झालेल्या पुरुष धावपटूंबद्दल असं कोणी लिहीत नव्हतं. त्यानंतर १९६०पर्यंत ऑलिंपिकमध्ये महिलांना २०० मीटरहून लांब शर्यत नव्हती, आणि मॅरेथॉन मिळायला १९८४ उजाडलं. ती मुलगी म्हणाली, “मॅडम, पण त्यांनी फक्त मोजायचं होतं ना, किती जणी पोचल्या ते?”

आता दोलकाची गोष्ट. गेल्या वर्षीची, नववीची.

एक मीटर दोरी, खाली गोळा, २० आंदोलनांना लागणारा वेळ मोजायचा, त्यावरून गुरुत्वत्वरण काढायचं. सात गट होते. तासाच्या शेवटी वह्या आल्या. सहा गटांचं उत्तर ९.८, पुस्तकात असतं तेच. नेमकं ९.८, सहाही वेळा. सातव्या गटाचं १०.८८, आणि त्या गटातली मुलगी वही देताना माझ्याकडे बघत नव्हती.

एक मीटरच्या दोलकाला २० आंदोलनांना साधारण ४०.१ सेकंद लागतात. स्टॉपवॉच हातानं दाबताना दोन दशांश सेकंद इकडेतिकडे झाले, तरी उत्तर एक टक्क्यानं हलतं : कधी ९.७, कधी ९.९. सहा गटांना एकसारखं ९.८ येणं हे सहा मुलींनी एकाच क्षणी अंतिम रेषा ओलांडण्यासारखं आहे. मी कोणाला काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी सातव्या गटाला म्हटलं, सगळ्यांसमोर पुन्हा करून दाखवा. वही उघडी ठेवा.

त्यांच्या वहीत वेळ लिहिली होती ३८.१ सेकंद. मुलीनं गोळा बाजूला ओढला, सोडला, बटण दाबलं आणि मोठ्यानं म्हणाली, “एक.”

मी हात वर केला. “आत्ता किती झाली?”

ती गोंधळली. गोळा झुलत होता. मग तिचा चेहरा बदलला. “मॅडम, अजून एकही झालं नाहीये.”

ट्रॅकवर फेऱ्या मोजायला पहिल्यांदा बसणारी व्यक्ती नेमकं हेच करते. बंदूक वाजली की ‘एक’ म्हणते. फेरी पुरी झाल्याशिवाय एक होत नाही, सुरुवातीला असतं ते शून्य. तिनं २० म्हटलं तेव्हा आंदोलनं १९ झाली होती. मी तिला म्हटलं, नवीन मोजू नकोस, कालचेच ३८.१ घे आणि १९नं भाग. तिनं फळ्यावर भागाकार केला, वर्ग केला, सूत्रात घातलं. ९.८२.

वर्गात कोणी बोललं नाही. बाकीच्या सहा वह्या टेबलावर होत्या. त्यांतल्या वेळा उत्तरावरून मागे जाऊन लिहिलेल्या, म्हणून त्यांच्या चुका शोधायला त्यांत काही उरलंच नव्हतं. मी पिशवीतून माझी सहावी वही काढली आणि ती तीन आठवड्यांची पानं उघडून पहिल्या बाकावर दिली. पुढे सरकवा म्हटलं. या दिवसांत माझ्या पायाचं हाड तडकत होतं, कुठे दिसतंय का बघा. मुलांनी पानं उलटली. ८६, ८७, ८६, ८८. शेवटच्या बाकावरून एक आवाज आला, “मॅडम, इथे तर काहीच नाही.”

मी म्हटलं, “हो. मी लिहिलं नाही.”

तास संपल्यावर ९.८वाल्या एका गटातला मुलगा टेबलाजवळ रेंगाळला. “मॅडम, आमची वही परत मिळेल?” मी दिली. दोन दिवसांनी ती टेबलावर आली. जुनं पान त्यानं फाडलं नव्हतं, त्यावर एक तिरकी रेघ मारली होती. नव्या पानावर २० आंदोलनांना ४०.६ सेकंद, उत्तर ९.५८, आणि खाली वाकड्या अक्षरात : ‘दोरी स्टँडला घट्ट बांधली नव्हती. करता करता थोडी सरकून लांब झाली असेल.’

मी लाल पेन उचललं आणि लिहिलं, ‘थोडी म्हणजे किती?’

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या आधीच वही टेबलावर होती. माझ्या प्रश्नाखाली पेन्सिलीनं : ‘मोजली. १०२ सेंटिमीटर भरली.’